काढलं कशाला होतं?

"मामी, ते ओरिजिनल पिकअप कुठे आहेत?"

"पिकअप? ती मार्केटला गेलीय. टोमॅटो घेऊन. का रे, काही सामान हलवायचंय का?"

तर मंडळी, नारायणगावात पिकअप एकच. पांढरी, मागे हौदा असलेली, क्रेटवर क्रेट रचून टोमॅटो मार्केटकडे पळणारी. गिटारच्या तारांखाली जे बसवलेलं असतं त्यालाही पिकअपच म्हणतात, हे मामीला फोनवर समजावून सांगेपर्यंत माझी साडेदहाची मीटिंग सुरू झाली होती. लॅपटॉपवर चेहरा गंभीर, माइक म्यूट, आणि दुसऱ्या कानाला फोन लावून मी ओरडतोय, "तारेखालचा डबा गं मामी, तारेखालचा डबा!"

हे सगळं एका बेस गिटारमुळे. बेस वाजवणारा म्हणजे बँडमधला तो माणूस, जो मागे उभा असतो आणि ज्याचं नाव कुणालाच आठवत नाही. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड. असला तर कुणाचं लक्ष जात नाही, नसला तर सगळं कोसळतं. आमच्या वीकेंड बँडचा बॅकएंड मी. बाकी तिघांत दोघं टेस्टिंगवाले आणि एक एचआर. दर शनिवारी बाणेरला एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही शेजाऱ्यांच्या संयमाची परीक्षा घेतो.

बेस मात्र मुळात मामांचा. मामा नारायणगावचे. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव, तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, आपल्या यात्रेसाठी फड ठरवतात, सुपारी देतात आणि परततात. मामा तमाशात नव्हते, ते ऑर्केस्ट्रावाले. गणपतीत आणि यात्रेत हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा असायचाच, त्या काळात त्यांनी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातली गावं बेस वाजवत पालथी घातली. १९८८ साली मुंबईहून जपानी बनावटीचा सेकंडहँड बेस आणला, तेव्हा "एवढ्यात बैल आला असता" यावरून घरात म्हणे आठ दिवस अबोला होता. पुढे कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातातच बेस मिळायला लागला. मग डीजेच्या भिंती आल्या. मामांनी बेस खोळीत घातला आणि टोमॅटो लावले. मला पहिली नोकरी लागली तेव्हा खोळीसकट माझ्या हातात दिला. म्हणाले, "घे. तिकडं शहरात कुणीतरी ऐकंल."

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, दोन मिनिटांत संपेल.

इलेक्ट्रिक बेसला पोट नसतं, नुसती लाकडाची फळी. तार छेडली तरी शेजारच्याला जेमतेम ऐकू येईल. म्हणून तारांखाली पिकअप. लोहचुंबकाचे छोटे दांडे, आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत इवलीशी वीज तयार होते, ती वायरीतून ॲम्पकडे जाते आणि ॲम्प तिचा मोठा आवाज करतो. नववी-दहावीत फॅरेडे रट्टा मारून पाठ केला असेल, तो हाच. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस आणि १९६० साली जॅझ बेस बाजारात आणला. आजही जगभरचे कारखाने या दोन नमुन्यांवर बेस बनवतात. मामांचा जॅझच्या नमुन्यातला. दोन पिकअप, तीन बटणं, बटणांखाली चकचकीत क्रोमची पट्टी.

म्हणजे असायला हवी होती. माझ्या हातात आला तेव्हा क्रोमच्या पट्टीच्या जागी काळं प्लॅस्टिक होतं. बटणंही प्लॅस्टिकची. आणि ओरिजिनल पिकअपच्या जागी दोन काळे, गुळगुळीत, बंद डबे. हे ॲक्टिव्ह पिकअप. यांच्या पोटातच छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. आवाज स्वच्छ, सरळ, एकसारखा. आमच्या एचआरच्या शब्दांत, "छान आहे रे, पण अपॉइंटमेंट लेटरसारखा वाटतो."

ते मला लागलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जपानी बेसचे जुने फोटो बघायची सवय लागली. ओरिजिनल पार्ट असले तर किंमत किती, नसले तर किती, हेही बघून झालं. (खोटं कशाला बोलू, विकायचा विचारही डोक्यात येऊन गेला होता.) आणि मग मामेबहिणीच्या हळदीत, पन्नास माणसांत, मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "एवढा भारी बेस, आणि मामांनी पार वाट लावून ठेवली त्याची."

लोक हसले. मामा पंगतीत जिलबी वाढत होते. त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत, पुढच्या पानाकडे वळले.

तर सुरुवातीचा तो फोन त्यानंतरचा. मामीला शेवटी उमगलं. म्हणाली, "माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. मला हात लावू देत नाहीत. तूच ये आणि विचार."

शनिवारी निघालो. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये नेहमीप्रमाणे आयुष्याचा विचार करून झाला. राजगुरुनगर, मंचर, मग नारायणगाव. मामांनी काही न विचारता डबा काढून दिला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन पिकअप, खाली गंजकट स्क्रू, कसली कसली बटणं, वायरी, क्रोमची पट्टी. मामा एवढंच म्हणाले, "बसव. पण वाजवायच्या आधी मला फोन कर."

मी फोन केला नाही. उत्साह, दुसरं काय.

त्याच रात्री फ्लॅटवर सोल्डरिंग गन काढली. डब्यातला बाकीचा कचरा तसाच गाडीत ठेवला, फक्त पिकअप घेतले. ॲक्टिव्हवाले उचकटले, बॅटरी काढली, ओरिजिनल जागेवर बसवले. जॅझचे दोन पिकअप सारखे दिसतात, पण पुलाकडचा किंचित लांब असतो. हे मला अर्धा तास तो मानेकडच्या खाचेत कोंबल्यावर कळलं. मग तारा चढवल्या, वायर खोचली, आणि...

एक पिकअप पूर्ण मुका. दुसरा वाजत होता, पण कुणी गोधडी पांघरून गातंय असा. आणि या सगळ्यावर एक अखंड गुणगुण. ऊंऽऽऽ. तारांवर हात ठेवला तरी तीच. जॅकच्या धातूला बोट लागलं की कमी व्हायची, काढलं की परत ऊंऽऽऽ. टेस्टिंगवाला मित्र व्हिडिओ कॉलवर ऐकून म्हणाला, "बग रिप्रोड्यूस होतोय."

पुण्यातल्या दोन-तीन ठिकाणी विचारलं. कुणी म्हणालं नवीन पिकअप घ्या, कुणी म्हणालं दोन महिने लागतील. शेवटी आठवलं, मामा नेहमी मंचरच्या एका काकांचं नाव घ्यायचे. काकांचं दुकान मोटर रिवाइंडिंगचं. विहिरीवरची पाण्याची मोटर जळली की शेतकरी ती पिकअपमध्ये (ती पांढरी पिकअप!) टाकून काकांकडे आणतो. जळकी तार काढायची, नवीन वेढे भरायचे, वॉर्निश मारून वाळवायचं. आणि लग्नसराईच्या आधी काकांकडे बेंजो पार्टीवाल्यांची रांग. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात ना, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, तो मुळात एका जपानी वाद्याचा भाऊबंद. त्यालाही पिकअप असतो. तो बिघडला तर काका बघतात. विचार केला तर मोटर काय, बेंजो काय आणि माझा बेस काय, तांब्याचे वेढे आणि लोहचुंबक यांचाच सगळा संसार.

काकांनी बेस टेबलावर आडवा घेतला. मीटर लावला. मुक्या पिकअपवर काटा हललाच नाही. भिंग घेऊन बघितलं आणि म्हणाले, "वेढे शाबूत आहेत. बाहेरचं टोक जिथं टाक्याला जोडलंय ना, तिथं गंजून तुटलंय." चिमट्याने एक वेढा, फक्त एक, उलगडला. टोकावरचं इनॅमल खरवडलं, टाका मारला. काटा साडेसात हजार ओहमवर जाऊन थांबला. इतकी वर्षं माळ्यावर पडलेला पिकअप दहा मिनिटांत जिवंत.

"आता हा दुसरा गोधडीतून का बोलतोय?"

काकांनी आवाजाचं बटण मागून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "पंचवीस के. हे ॲक्टिव्हचं बटण आहे. याला अडीचशे के लागतं. जुनी बटणं कुठायत?"

गोष्ट अशी आहे. ॲक्टिव्ह पिकअपच्या मागे बॅटरीचा जोर असतो, त्याला पंचवीस हजार ओहमचं बटण चालतं. साध्या पिकअपचा जीव लहान. त्याला एवढं कमी ओहमचं बटण लावलं की वरचे सूर त्या बटणातच गळून जातात. उरतो तो फक्त घुमा आवाज. म्हणजे नुसते पिकअप ओरिजिनल बसवून भागत नाही, त्यांच्यासोबतची माणसंही परत आणावी लागतात. बटणं, कपॅसिटर, पट्टी. आणि हे सगळं मामांनी डब्यात जपून ठेवलं होतं. ज्याला मी कचरा म्हणून गाडीत ठेवलं होतं ते.

पळत जाऊन डबा आणला. काकांनी बटणं बदलली. आवाज आला. काय सांगू तुम्हाला! जाड, थोडा खरखरीत, तारेवर बोट घसरतं तेही ऐकू येणारा. अपॉइंटमेंट लेटर नाही, कुणीतरी हाताने लिहिलेलं पत्र.

राहिली गुणगुण. ती का येते? पिकअप म्हणजे एका अर्थी अँटेनाच. त्याला तारेची थरथर आणि भिंतीतल्या वायरीतली वीज यांतला फरक कळत नाही, जे मिळेल ते उचलतो. याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकणाऱ्या. त्यासाठी हा भाग निवडण्याचं एक कारण म्हणजे इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. एवढ्या मोठ्या दुर्बिणीलाही जे नको असतं, ते माझ्या एवढ्याशा पिकअपला कसं चालेल? आपल्या विजेचे सेकंदाला पन्नास फेरे. बेसच्या जाड तारेची तिसरी पट्टी एकोणपन्नास हर्ट्झची. म्हणजे आपल्या देशातली गुणगुण पांढरी पाचमध्ये असते, जराशी चढी. जॅझमधले दोन पिकअप एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात, दोन्ही पूर्ण उघडले की गुणगुण एकमेकांना खाते. पण एकच वाजवला की ती हजर.

"पण ही त्याहून जास्त आहे," काका म्हणाले. त्यांनी पूल, म्हणजे तारा जिथे अडकतात तो धातूचा तुकडा, सोडवला. खाली लाकडाला बारीक भोक. भोकातून डोकावणारी एक वायर. कापलेली. कटरने, सरळ, जाणूनबुजून.

ही अर्थिंगची वायर. ती पुलाला आणि आतल्या बटणांच्या धातूला जोडते. म्हणजे तारा अर्थ होतात, तारांना हात लावला की वाजवणारा माणूसही अर्थ होतो आणि गुणगुण बसते. साध्या पिकअपच्या बेसला ती असावीच लागते.

"जोडा ना मग."

काकांनी सोल्डरिंग गन खाली ठेवली. "ही मी जोडणार नाही. आधी मामांना विचारून ये."

"अहो, दोन मिनिटांचं काम..."

"दोन मिनिटांचंच आहे. विचारून ये."

पुन्हा नारायणगाव. मामा मळ्यात होते, ड्रिपच्या नळ्या तपासत. मी म्हटलं, "मामा, ती पुलाखालची वायर तुम्ही कापली?" त्यांनी नळी खाली ठेवली. बांधावर बसले. आणि मग जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देतो, कारण माझ्या शब्दांत ते बसत नाही.

"चौऱ्याण्णवची गोष्ट. चैत्रातली यात्रा. स्टेज देवळाच्या मागं, जनरेटरवर. बोर्डाला दोनच भोकं, आपल्या ॲम्पच्या पिनेला तीन दांड्या. मी तिसरी दांडी करवतीनं कापली. सगळेच कापायचे रं. आमच्यात एक गाणारा होता, माझ्या बरोबरीचा. त्याला एका गाण्यात बेस गळ्यात घालून मिरवायची हौस. मी म्हटलं घाल. मी खाली उतरलो चहाला. त्यानं दोन्ही हात तारांवर ठेवले आणि माइकला तोंड लावलं. ओरडला पण नाही. बेसचा एकच सूर लांबत राहिला नुसता, मला वाटलं गाण्यातच आहे. जनरेटरवाल्यानं लिव्हर ओढली म्हणून वाचला तो. उजव्या हाताची दोन बोटं आजही पुरती मिटत न्हाईत त्याची. गळ्याला काही झालं नव्हतं. पण माइकपुढं उभा राहिला न्हाई परत."

झालं होतं ते असं. तिसरी दांडी म्हणजे अर्थिंग. ती नसली की ॲम्पमध्ये काही बिघडलं तर वीज त्याच्या पत्र्यावर येऊन थांबते, जमिनीत जायला वाट नाही. पत्र्यावरून वायरीतून ती बेसच्या तारांवर. माइक दुसऱ्या सिस्टिमवर, तो नीट अर्थ केलेला. मधे माणूस. हात तारांवर, ओठ माइकवर, आणि वाट पूर्ण. शरीरातून दहा-पंधरा मिलिॲम्पिअर गेले तरी स्नायू आवळतात, हात सुटत नाही. हे फक्त आपल्या यात्रांत होतं असं समजू नका. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीला, भर कार्यक्रमात, स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे असाच माइकला हात लावताना गेला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. म्हणजे माझ्या आणि तुमच्या वयाचा.

मामांनी त्याच वर्षी दुबईच्या एका मित्राकडून ॲक्टिव्ह पिकअप मागवले. का, तर त्यांना तारांची अर्थिंग लागत नाही. पुलाची वायर कापली. क्रोमची पट्टी काढून प्लॅस्टिक लावलं, बटणं प्लॅस्टिकची केली. हात लागेल असं जे जे काढता येईल ते धातू काढून टाकलं. आवाजासाठी नाही. आवाज त्यांनाही ओरिजिनलचाच आवडायचा.

आणि मी पन्नास माणसांत म्हणालो होतो, वाट लावली.

आमच्या ऑफिसात कुणीतरी जुना कोड बदलतो आणि का बदलला ते लिहीत नाही. दोन वर्षांनी एखादा हुशार पोरगा येतो, म्हणतो हे काय भलतंच केलंय, आणि सगळं मूळ स्थितीला नेतो. रविवारी रात्री सर्व्हर पडतो. मग कळतं, ती भलती ओळ कशासाठी होती. मी दहा वर्षं हेच काम करतो. रोलबॅक करण्याआधी बदल का केला ते शोध, हे मी नव्या मुलांना ट्रेनिंगमध्ये शिकवतो. स्लाइडसुद्धा आहे माझी. आणि मामांना मी हा साधा प्रश्न कधी विचारलाच नाही, काढलं कशाला होतं?

मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं. त्या दिवशी हळदीत..."

"असू दे."

"मी परत ॲक्टिव्हच बसवतो."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "न्हाई. बसव ओरिजिनल. वायर पण जोड. वायर चांगली होती. दांडी कापली ती चूक. मी तीस वर्षं वायरीवर राग काढला, कारण दांडी मी कापली होती."

बांधावर आम्ही दोघं बसलो होतो. समोर टोमॅटोच्या काठ्या, लांबवर नारायणगडाचा डोंगर. मामांनी हे आधी कुणाला सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही. मामीने डब्याला हात लावायचा नाही, हे का, ते मात्र कळलं.

त्या दिवशी मामा स्वतः माझ्या गाडीत बसून मंचरला आले. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मामांनी मान हलवली. नवीन वायर टोचली, पुलाखाली दाबली, क्रोमची पट्टी चढवली. गुणगुण बसली. मग काकांच्या दुकानात, जळक्या मोटरींच्या रांगेसमोर, मामांनी बेस मांडीवर घेतला. पहिल्यांदा त्यांनी काय केलं माहितीये? दुकानातल्या ॲम्पची पिन बाहेर काढून दांड्या मोजल्या. तीन. मग प्लग बघितला. मग तारेला हाताची मागची बाजू लावून बघितली. मग वाजवलं. काय वाजवलं ते विचारू नका, कुठल्याशा जुन्या गाण्याचा बेस होता, गाणं नसताना. गिऱ्हाईक म्हणून आलेले दोन शेतकरी मोटर खाली ठेवून ऐकत उभे राहिले.

निघताना काकांनी पैसे घेतले नाहीत. मामांनी एक अट घातली. गिटारच्या बॅगेत मल्टिमीटर ठेवायचा. स्टेजवर चढलं की गाण्याआधी एक टोक बेसच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. काटा हलला तर वाजवायचं नाही. कुणीही कितीही घाई करू दे.

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, आता शहरात कुठे असं असतं?

असतं. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात आम्ही वाजवणार होतो. कुठल्या, ते सोडा. झकास एलईडी स्क्रीन, धुराचं मशीन, इव्हेंटवाल्याच्या कानात वॉकीटॉकी. मी मीटर काढला तेव्हा आमचा ड्रमर लाजून दुसरीकडे बघायला लागला. तार आणि माइक. नव्वद व्होल्ट.

इव्हेंटवाला म्हणाला, "सर, काही होत नाही, सगळे बँड याच बोर्डवर वाजवतात." हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. सगळेच कापायचे रं. मी बेस खाली ठेवला. इलेक्ट्रिशियन आला, चेहऱ्यावर पूर्ण नाराजी घेऊन. बोर्ड उघडला. पिनेला तीन भोकं होती, तिसऱ्या भोकामागे वायरच जोडलेली नव्हती. म्हणजे आता दांडी कापायचीही गरज नाही, भोक नुसतं शोभेला. त्याने अर्थिंग जोडली, आणि मी हट्टच धरला म्हणून लाइन तीस मिलिॲम्पिअरच्या ईएलसीबीवर घेतली. वीज कुठे भलतीकडे गळायला लागली की तो क्षणात सप्लाय तोडतो. वीस मिनिटं उशीर झाला. पुन्हा मीटर. शून्य. मग वाजवलं.

तर वीकेंडला वाजवणाऱ्या तमाम मंडळींनो, गिटारचे पिकअप बदला, न बदला, तुमची मर्जी. पण बॅगेत एक मीटर टाका. चांगल्या पेडलपेक्षा खूप स्वस्त मिळतो. आणि जुनं काही उचकटण्याआधी ते कुणी बसवलं, तो माणूस अजून फोन उचलतोय का, बघा.

कार्यक्रमानंतर रात्री मामांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "मीटर लावला?" नव्वद व्होल्टचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "उद्या त्याला सांगतो." कुणाला ते मी विचारलं नाही. कळलं.

आता राहिले ते काढलेले ॲक्टिव्ह पिकअप. फेकवेनात. परवा नारायणगावला गेलो तेव्हा तोच बिस्किटांचा डबा नेला. आत दोन्ही पिकअप, पंचवीस केची बटणं, काळं प्लॅस्टिक, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून. वर एक चिठ्ठी ठेवली. १९९४ साली मामांनी बसवले, यात्रेत शॉक बसला म्हणून. तारांना अर्थिंग लागत नाही. मामांना विचारून काढले. खाली तारीख.

डबा माळ्यावर ठेवत होतो तेवढ्यात मामी आली.

"आता काय आहे यात?"

"पिकअप."

"अजून? मग ते नेलेले कसले होते?"